सिलॅबसचा लेखक कोण?

सिलॅबसची पीडीएफ आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो. एकदा तिला साहित्यकृती समजून वाचा. निवेदक सापडतच नाही.

२०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार अभ्यास मंडळ मसुदा करतं, तो विद्याशाखेतून विद्या परिषदेकडे जातो. नवं कॉलेज कुठे हवं ते पंचवार्षिक बृहत आराखडा ठरवतो. अंतिम परवानगी राज्य शासनाची. म्हणजे हातांची कमतरता नाही. तरी आपल्यापर्यंत येणाऱ्या मजकुरात एकाही हाताचा ठसा नाही.

आम्ही कोडची एक ओळ बदलली तरी कुणी, कधी, का बदलली याची नोंद राहते. सिलॅबसमधून एखादं युनिट गेलं तर उरतं फक्त ‘या वर्षापासून लागू’. आक्षेप कुणी घेतला? उत्तर काय मिळालं? हा वाद इतिवृत्तात असेलही, पण पीडीएफमध्ये नसतो. आणि वाद वगळलेला मजकूर आपण फक्त पाठ करू शकतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ लढा चालला, माणसांनी जीव दिले. कमानीवरच्या शब्दांची एवढी किंमत मोजलेल्या शहराने आतल्या पानांबद्दल निदान ‘का?’ एवढं तरी विचारायला हवं.