हेराच्या वेषातला हरिश्चंद्र

आमच्या बेळगावच्या घरात कानडी चित्रपटाला जाणे हा जवळजवळ पक्षद्रोह होता. १९५६ च्या प्रांतरचनेची जखम ओलीच होती. तरीही १९६८ साली निघालेला 'जेडर बले', म्हणजे 'कोळ्याचे जाळे', दाखवायला आत्या मला गुपचूप घेऊन गेली. ती एवढेच म्हणाली, "राजकुमार आहे ना? मग पोराला दाखवायला हरकत नाही."

आज वाटते, सी. आय. डी. ९९९ च्या चित्रपटांवरची सगळी टीका तिच्या या एका वाक्यात आली.

'डॉक्टर नो' १९६२ मध्ये आला आणि जेम्स बाँडने जगाला वेड लावले. दोरै आणि भगवान या दिग्दर्शकांच्या जोडीने त्याचा आकडा उचलला, पिस्तूल उचलले. पण ते दिले कोणाच्या हाती? 'बेडर कण्णप्पा'तल्या भक्ताच्या, 'सत्य हरिश्चंद्र'मधल्या राजाच्या! खलनायक हरणार हे पहिल्या रिळातच कळते. खरी उत्कंठा निराळीच असते: या उसन्या कोटात आपला माणूस बिघडणार तर नाही ना?

हे साहस करणारे हात काही उडाणटप्पूंचे नव्हते. 'संध्याराग' या १९६६ च्या चित्रपटात भीमसेन जोशी गायले. त्याच्या दिग्दर्शनात भगवान होते. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने 'कस्तुरी निवास'सारखा डोळे ओले करणारा चित्रपट दिला. मधली हेरगिरी म्हणजे गंभीर माणसांनी दिवाळीत उडवलेले फटाके!

दोष आहेतच. रहस्य जरा घट्ट होऊ लागते, तोच गाणे येते. गाणे संपते तो नरसिंहराजूंचा विनोद. 'गोवादल्लि सी. आय. डी. ९९९' हाही १९६८ चाच. गोवा मुक्त होऊन अवघी सात वर्षे झालेली. गोव्याचे नाव तेथे परदेशी वाऱ्याची झुळूक म्हणून येते. एका गोमंतकीय स्नेह्याची ही तक्रार मला रास्त वाटते.

१९६९ मध्ये 'ऑपरेशन जॅकपॉटनल्लि सी. आय. डी. ९९९' आला आणि नऊ वर्षांनी, १९७८ मध्ये, 'ऑपरेशन डायमंड रॅकेट'. त्यात लहानपणीच शाळा सुटलेले, गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत घडलेले राजकुमार चक्क इंग्रजी गाणे गायले. लोक हसले असतील. पण ते गाणे अजून लोकांच्या तोंडी आहे. गळा उसना नव्हता ना!

अनुकरण म्हटले की आम्ही टीकाकार नाक मुरडतो. मीही पुष्कळ मुरडले. पण उसने आणलेले वस्त्र अंगावर घालून माणूस तोच राहिला, तर त्याला नक्कल का म्हणावे?

त्या रात्री घरी परतलो तो आजोबा दारातच उभे. "कुठला खेळ पाहिलात?"

आत्या पापणीही न लववता म्हणाली, "हरिश्चंद्राचा."

तेव्हा मला ती थाप वाटली होती.