समासाला चिकटलेले लोणार

लोणारवरच्या लेखांत नकाशा बहुधा शोभेपुरता येतो. मला तो मजकूर म्हणून वाचावासा वाटतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या 'इंचाला मैल' मापाच्या जुन्या पत्रकांची चौकट पंधरा मिनिटांची. रेखांश ७६ अंश ३० मिनिटे ही त्यांतली एक शिवण, आणि विवराचे केंद्र तिच्या पूर्वेला किलोमीटरभरही नाही. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातले सर्वांत विलक्षण भूरूप ५६ ए/९ या पत्रकाच्या डाव्या समासाला चिकटते. पश्चिमेचा परिसर पाहायचा तर ५६ ए/५ शेजारी मांडावे लागते. यात आखणाऱ्याचा दोष नाही, चौकट अगोदरच ठरलेली होती. पण वाचकाला लोणार एकसंध भेटत नाही, हे खरेच.

१.८३ किलोमीटर व्यासाचे विवर या मापात तीन सेंटिमीटरही भरत नाही. एकात एक समोच्च रेषा. नवख्याला टेकडीच वाटावी, कारण सातपुड्यातली टेकडीही अशीच दिसते. आत जाताना आकडे उतरतात, तेव्हा खड्डा कळतो.

माझा खरा आक्षेप नंतरच्या, १:५०,००० मापाच्या मेट्रिक पत्रकांवर आहे. जुन्या पत्रकांत समोच्च रेषा दर ५० फुटांवर, म्हणजे सुमारे १५ मीटरवर. नव्यांत २० मीटरवर. दीडशे मीटरचा खोलगट भाग दोन्हींत ठसठशीत उमटतो. काठ मात्र भोवतालच्या जमिनीपेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंच! तो नव्या पत्रकात एखाद्या रेषेवर भागवला जातो, कुठे दोन रेषांमधून निसटूही शकतो.

आणि वाद तर ह्या काठाशीच येऊन थांबत होता. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर यांनी नोंद केल्यानंतर दीर्घकाळ लोणारला ज्वालामुखीचे मानले गेले. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या विवराबाबतही असाच घोळ चालला होता. जमीन नुसती खचली असती, तर काठाचे थर उचलून बाहेर कलंडले नसते. निर्णायक पुरावा शेवटी खडकांतूनच आला: १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी आघाताच्या खुणा मांडल्या. नकाशाने निकाल द्यावा, अशी माझी अपेक्षा नाही. प्रश्न तरी पुसू नये.

काठ हाच जलविभाजकही आहे. आतला पाऊस सरोवरात, बाहेरचा शेतांकडे. २०२० पासून रामसर यादीत असलेल्या या सरोवराची ही हद्द वाचकालाच पेन्सिलीने ओढावी लागते. आणि गोमुखाच्या धारेला येणारे पाणी कोणत्या शिवारात मुरते, ते त्या पेन्सिलीलाही दाखवता येत नाही.