पुठ्ठ्याची ध्वनिमुद्रिका आणि स्मरणरंजनाचा स्थायीभाव

स्मरणरंजन हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा किंचित अनादरानेच योजिला जातो. जे सरले ते गोड मानून घेण्याची दुबळी वृत्ती, एवढाच त्याचा अर्थ गृहीत धरण्यात येतो. तो कितपत पुरेसा आहे हे तपासण्यासाठी मुद्दाम एखादी क्षुल्लक वस्तू घेणे इष्ट होय. कारण वस्तू जितकी हलकी, तितका तिच्याविषयीचा जिव्हाळा समीक्षकास अधिक कोड्यात टाकतो. अमेरिकेत न्याहारीच्या सिरियलच्या खोक्यांबरोबर फुकट मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिका ही अशी वस्तू आहे. ज्यांनी त्या बालपणी वाजविल्या ते आज साठीच्या आसपास वा पुढे आहेत, आणि त्यांच्या आठवणींतून ती खोकी अद्याप गेलेली नाहीत.

१९७० च्या सुमारास पोस्ट कंपनीने सुपर शुगर क्रिस्प, अल्फा-बिट्स इत्यादी सिरियलच्या खोक्यांच्या पाठीवर या मुद्रिका दिल्या. आर्चीज, मंकीज, जॅक्सन फाइव्ह अशा लोकप्रिय वृंदांची गीते त्यांवर असत. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर चढवून त्यात चर उमटविलेले असत. मुलाने खोके रिकामे होण्याची वाट पाहावी, कात्रीने कडेकडेने वर्तुळ कापावे, मध्ये भोक पाडावे आणि मग सुई टेकवावी, असा हा क्रम. पुठ्ठा वाकलेला असे. तबकडी घसरू नये म्हणून तीवर नाणे ठेवावे लागे. आवाज खरखरीत येई आणि चर लवकर झिजत.

यांपैकी आर्चीजचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. हा वृंद मुळी अस्तित्वातच नव्हता; ती चित्रकथेतील पात्रे होती. पडद्यामागे गाणाऱ्या रॉन डान्टेचे नाव मुद्रिकेवर नसे. तरीही त्यांचे ‘शुगर, शुगर’ हे गीत सप्टेंबर १९६९ मध्ये बिलबोर्डच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तेथेच राहिले. साखरेचे नाव घेणारे हे गीत साखर माखलेल्या खाद्याच्या खोक्यावर आले, हा योग जाहिरातीच्या दृष्टीने अचूकच म्हणावा लागेल. पुढे त्या सिरियलच्या नावातून ‘शुगर’ हा शब्दही गळाला आणि त्या जागी ‘गोल्डन’ आला. सारांश, वृंद काल्पनिक, तबकडी पुठ्ठ्याची आणि नावही पालटलेले. मग ओढ नेमकी कशाची?

स्वेतलाना बॉयम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत : गत वस्तू पुन्हा उभी करू पाहणारे पुनःस्थापक आणि दुराव्यातच रेंगाळणारे चिंतनशील. हा भेद मोलाचा आहे. तथापि दोन्ही प्रकारांच्या मुळाशी हानीची जाणीव गृहीत आहे. प्रस्तुत उदाहरणात ती गृहीत धरता येईल काय?

येथे भरताची व्यवस्था उपयोगी पडते. नाट्यशास्त्रात स्मृतीची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे, स्थायीभावांत नव्हे. स्मृती स्वतः रसपदवीला पोचत नाही. ती दुसऱ्या एखाद्या स्थायीभावाला पोसते. म्हणून स्मरणरंजनपर लेखनाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, येथील स्मृती कोणत्या स्थायीभावाची चाकरी करीत आहे? उत्तर बहुधा ‘शोक’ असे दिले जाते. पुठ्ठ्याच्या तबकडीच्या बाबतीत ते उत्तर चुकीचे आहे, असे आमचे मत आहे. येथील स्थायीभाव उत्साह हा होय. कापणे, भोक पाडणे, नाणे ठेवणे या कृतींनी मुलाने एका टाकाऊ खोक्यातून आवाज काढला. स्मरणात राहते ते हे कर्तृत्व. गाणे त्याचे केवळ निमित्त.

यावर एक आक्षेप संभवतो. तो उत्साहही कंपनीनेच योजिला नव्हता काय? खोके संपल्याखेरीज मुद्रिका हाती येत नसे, यात विक्रीचा हिशेब उघड आहे. हा आक्षेप अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु योजनेचा हेतू आणि अनुभवाचा आशय या दोन भिन्न गोष्टी आहेत. दात्याच्या स्वार्थाने दानाचा हिशेब पुरा होतो. घेणाऱ्याने त्याचे काय केले याचा होत नाही. उलट, जे लेखन हा स्वार्थ विसरून केवळ गोडवा आळविते, ते त्याच जाहिरातीचा विनामूल्य पुनःप्रयोग ठरते. समीक्षेने या दोन्ही बाजू एकाच वेळी ध्यानात ठेविल्या पाहिजेत.

या भूमिकेवरून एक व्यावहारिक निकष हाती येतो. आज ही गीते खरखर पुसून, स्वच्छ स्वरूपात, क्षणात ऐकता येतात. गीत परत मिळते. पण हाताला काही काम उरत नाही, आणि म्हणूनच ऐकणारा पुष्कळदा निराश होतो. ही निराशा स्मृती खोटी असल्याचा पुरावा नव्हे. पुनःस्थापना चुकीच्या घटकाची झाली, एवढेच ती दाखविते. बालपणविषयक आत्मपर लेखनाचे मूल्यमापन करतानाही हाच निकष लावून पाहावा. लेखकाला काय मिळाले होते याची यादी कितीही लांब असो, त्याने त्या वस्तूंचे काय केले हे लेखनात दिसत नसेल, तर तेथे स्मृती संचारी राहते, स्थायीभावाचा आधार तिला लाभत नाही, आणि रसनिष्पत्तीही होत नाही.