नदीकाठच्या कारखान्यात अवतरलेले अरण्य : डेट्रॉइट येथील एका निसर्गकेंद्राची चिकित्सा

प्रस्तावना

वापरातून गेलेल्या औद्योगिक वास्तूंचे संग्रहालयात किंवा शिक्षणकेंद्रात रूपांतर करण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. अशा उपक्रमांचे मूल्यमापन करताना वास्तूचे जतन, प्रेक्षकसंख्या आणि सोयीसुविधा यांचा विचार होतो. मात्र त्या वास्तूत जे सांगितले जाते त्याचा त्या जागेशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न सहसा मागे पडतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘आउटडोअर ॲडव्हेंचर सेंटर’ या निसर्गकेंद्राचा या प्रश्नाच्या अनुषंगाने परामर्श घेतला आहे.

वास्तू आणि परिसर

डेट्रॉइट नदीच्या काठावरील हे केंद्र ‘ग्लोब बिल्डिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत आहे. एकोणिसाव्या शतकात येथे जहाजांची इंजिने तयार करणाऱ्या ‘ड्राय डॉक इंजिन वर्क्स’चा कारखाना होता. तरुण हेन्री फोर्ड यांनी १८८० ते १८८२ या काळात याच उद्योगसमूहात उमेदवारी केली. पोलादी सांगाड्याची यंत्रशाळा त्यानंतर, म्हणजे १८९२ मध्ये उभी राहिली. दीर्घकाळ ओस पडलेल्या या वास्तूचा मिशिगन राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने पुनर्वापर केला. जवळच २००४ मध्ये सुरू झालेले, आज विल्यम मिलिकेन यांच्या नावाने ओळखले जाणारे राज्यउद्यान आहे. जुन्या रेल्वेमार्गाच्या खोलगट पट्ट्यात तयार केलेला डिक्विंडर कट हा पादचारी व सायकलमार्गही तेथून दूर नाही. लोखंड, लोहमार्ग आणि पाणी या तिन्हींचा इतिहास इतक्या जवळजवळ क्वचितच आढळतो.

प्रदर्शनाचे स्वरूप

राज्याच्या उत्तर भागातील अरण्य व सरोवरे शहराच्या मध्यभागी आणणे, ही केंद्राची घोषित भूमिका आहे. त्यानुसार आत सुमारे ३५ फूट उंचीचा कृत्रिम धबधबा, भव्य ओक वृक्षाची प्रतिकृती, झुलता पूल, गरुडाचे घरटे, बीव्हर या प्राण्याचे आत शिरून पाहता येणारे घर आणि मत्स्यालय अशी मांडणी आहे. मासेमारी, धनुर्विद्या इत्यादींचा अनुभव देणारे सिम्युलेटरही आहेत. ज्या मुलांना उत्तरेकडील अरण्याचा प्रवास परवडत नाही, त्यांना या मांडणीतून मिळणारा आनंद खरा आहे, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. बालकांना स्पर्शातून व हालचालीतून शिकू देण्याचे तत्त्वही शैक्षणिकदृष्ट्या योग्यच होय.

तथापि या मांडणीमागे एक गृहीतक दडलेले आहे. निसर्ग हा शहराबाहेर, दूर उत्तरेला असतो आणि शहरात तो आयात करावा लागतो, असे ते गृहीतक होय. डेट्रॉइट नदीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता हे गृहीतक टिकत नाही.

दाराबाहेरील नदी

१९४८ च्या हिवाळ्यात नदीतील तेलप्रदूषणामुळे सुमारे ११,००० बदके मृत्युमुखी पडली. संतप्त शिकाऱ्यांनी तेलाने माखलेली मृत बदके लान्सिंग येथील राज्य विधिमंडळाच्या इमारतीसमोर आणून टाकली. त्यानंतरच्या दशकांत प्रदूषण-नियंत्रणाचे कायदे आले आणि १९७२ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्यात पंचमहासरोवरांच्या जलगुणवत्तेविषयी करार झाला. या दीर्घ प्रयत्नांची फळे नंतर दिसू लागली. २००१ मध्ये नदीच्या खालच्या भागात आंतरराष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. १९१६ नंतर प्रथमच व्हाइटफिश या माशाच्या नदीतील प्रजननाचा पुरावा २००६ मध्ये मिळाला. अनेक दशके नाहीसा झालेला बीव्हर २००८ मध्ये परतला, तोही कॉनर्स क्रीक येथील विद्युतकेंद्राच्या आवारात.

ही शेवटची घटना विशेष विचारात घेण्याजोगी आहे. केंद्रात मुले बीव्हरच्या कृत्रिम घरात रांगत जातात, आणि खरा बीव्हर त्याच नदीकाठी एका औद्योगिक आवारात येऊन राहिलेला असतो. प्रतिकृती सांगते की हा प्राणी उत्तरेचा आहे. नदी सांगते की पाणी सुधारले तर तो शहरातही परततो. नागरिकांना दुसरे विधान अधिक उपयोगी आहे, कारण त्यात त्यांच्या कर्तृत्वाला स्थान आहे.

मासेमारीच्या सिम्युलेटरबाबतही असेच म्हणता येईल. पडद्यावर पकडलेला मासा खावा की नाही, हा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्यक्ष नदीवर मात्र तो रोजचा प्रश्न आहे. अनेक कुटुंबे येथील मासे अन्न म्हणून वापरतात आणि पारा व पीसीबी या दूषकांमुळे कोणते मासे किती खावेत याविषयी शासनाला मार्गदर्शन करावे लागते. १९८७ पासून ही नदी दोन्ही देशांच्या दृष्टीने चिंताजनक क्षेत्र म्हणून नोंदलेली आहे आणि तळाच्या दूषित गाळाचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. कौशल्य शिकवताना हे ज्ञान वेगळे ठेवले, तर शिक्षण अपुरे राहते.

‘उत्तर’ कोणाची?

२०१० च्या जनगणनेनुसार डेट्रॉइटच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. अशा शहरात ‘उत्तर’ ही कल्पना सर्वांसाठी सारखी असू शकत नाही. वर्णभेदामुळे इतर विश्रामस्थळांची दारे बंद असताना उत्तर मिशिगनच्या वनप्रदेशात १९१२ मध्ये आयडलवाइल्ड हे कृष्णवर्णीयांचे विश्रामस्थळ वसले आणि अनेक दशके भरभराटीस आले. उत्तरेतील अरण्याशी शहरवासीयांचे जुने नाते दाखविण्यासाठी यापेक्षा समर्पक उदाहरण नाही. केवळ वृक्ष आणि धबधबे दाखविणारे निसर्गचित्र मात्र या मानवी इतिहासाला वगळून उभे राहते. प्रेक्षक त्यात पाहुणा म्हणून येतो, वारसदार म्हणून नव्हे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनाचा हेतू केंद्राचे महत्त्व नाकारण्याचा नाही. पाडली जाऊ शकणारी वास्तू वाचली, ती सार्वजनिक झाली आणि मुलांनी भरून गेली, हे मोठेच यश आहे. प्रश्न आहे तो वास्तूला केवळ कवच मानण्याचा. ज्या उद्योगाने शहर घडविले त्याच उद्योगपरंपरेने नदी बिघडविली आणि त्याच शहराच्या परिसरातील लोकांनी ती सुधारण्यास भाग पाडले. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगण्याचा अधिकार या इमारतीइतका दुसऱ्या कोणत्याही जागेला नाही. १९४८ ची बदके, २००६ चे मासे आणि २००८ चा बीव्हर यांना प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी आणून प्रेक्षकाला शेवटी नदीच्या काठावर नेले, तर प्रतिकृतींनाही खरा अर्थ प्राप्त होईल.

क्षेत्रभेटींचे नियोजन करणाऱ्या अध्यापकांनाही यातून एक निकष मिळतो. निसर्गकेंद्र पाहून विद्यार्थी जर फक्त दूरच्या अरण्याची ओढ घेऊन परतला, तर भेट निम्मीच सफल झाली असे समजावे. स्वतःच्या गावातील पाण्याविषयी त्याला प्रश्न पडू लागले, तरच ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.