प्रतिमा, प्रत्युत्तर आणि विश्वासार्हता : बीटी कापूस बियाणे उद्योगाच्या जाहिरात-संहितेची चिकित्सा
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना

वृत्तपत्रे, चित्रपट आणि माहितीपट यांतून एखाद्या उद्योगाचे प्रतिकूल चित्रण होऊ लागले, तर त्या उद्योगाने जाहीरपणे काय बोलावे, हा प्रश्न सामान्यतः वाणिज्य शाखेत जनसंपर्काच्या अंगाने अभ्यासला जातो. वस्तुतः तो भाषेचा आणि नीतीचाही प्रश्न आहे. प्रत्युत्तर ही एक संहिता असते. तिला निवेदक असतो, गृहीत वाचक असतो, सांगितलेले असते तसे गाळलेलेही असते. त्यामुळे साहित्यकृतीप्रमाणेच तिची चिकित्सा करता येते.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, तेलंगणाला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका. येथील बहुतांश शेती कोरडवाहू असून कापूस हे येथील नगदी पीक आहे. महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचे वर्षाचे गणित पऱ्हाटीवरच मांडले जाते. त्यामुळे बियाणे उद्योग आणि त्याचे टीकाकार यांच्यातील वाद येथे केवळ वैचारिक राहत नाही. त्या वादात पुरावा म्हणून ज्यांची नावे घेतली जातात ती माणसे याच जिल्ह्यातील आहेत. या वादातील एका गाजलेल्या प्रत्युत्तराची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

प्रतिकूल चित्रणाची पार्श्वभूमी

केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस मान्यता दिली. हे तंत्रज्ञान महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतील महिको मोन्सॅन्टो बायोटेक या कंपनीमार्फत भारतात आले. आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटासाठी शेतकऱ्याला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आंध्र प्रदेश शासनाने हा प्रश्न मक्तेदारी आयोगापुढे नेला आणि २००६ मध्ये ती किंमत निम्म्याहून खाली आली.

हाच काळ विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचाही होता. २००६ च्या जून-जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला. २००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा मराठी चित्रपट आला. २०११ मध्ये मायका पेलेड यांच्या ‘बिटर सीड्स’ या माहितीपटाने यवतमाळ जिल्ह्यातील तेलंग टाकळी जगाला दाखविली. महागडे बियाणे, कर्ज आणि मृत्यू अशी एक सरळ साखळी लोकमानसात तयार झाली.

ही साखळी जितकी सरळ वाटते तितकी ती नाही, हे मान्य केले पाहिजे. आत्महत्या बीटीच्या आधीही होत होत्या. सिंचनाचा अभाव, पतपुरवठ्याची दुरवस्था, हमीभाव आणि खाजगी सावकारी ही कारणे जुनीच आहेत. दुसऱ्या बाजूला, देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मधील सुमारे १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींपर्यंत पोहोचले. या वाढीचे सर्व श्रेय बियाण्याचे नसले, तरी शेतकऱ्यांनी ते बियाणे स्वीकारले हे नाकारता येत नाही. म्हणजेच उद्योगाजवळ मांडण्यासारखी बाजू होती. ती त्याने कशी मांडली, हा आपल्या चिकित्सेचा विषय आहे.

भांबराजाची संहिता

३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांविषयी पानभर मजकूर प्रसिद्ध झाला. बीटी कापसामुळे या गावांत सामाजिक व आर्थिक क्रांती झाली आहे, लोक समृद्ध होत आहेत आणि येथे आत्महत्या नाहीत, असा त्याचा आशय होता. पत्रकारांच्या यवतमाळ भेटीची व्यवस्था कंपनीने केली होती. २८ ऑगस्ट २०११ रोजी हाच मजकूर त्याच दैनिकात जसाच्या तसा पुन्हा छापला गेला. या वेळी तो विपणनाचा भाग होता. त्याच महिन्यात जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरण विधेयक संसदेत येणे अपेक्षित होते, पण ते त्या वेळी मांडले गेले नाही.

मार्च २०१२ मध्ये बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजात आली. तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या गावात चौदा आत्महत्या झाल्याचे सांगितले. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये ‘द हिंदू’मध्ये हे सर्व प्रकरण उघड केले. २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची खातरजमा त्या दैनिकाला करता आली होती. कंपनीचे म्हणणे असे होते की, २००८ चा मजकूर पत्रकारांनी स्वतःच्या विवेकाने लिहिलेली बातमी होती आणि २०११ मध्ये केवळ तिचे पुनर्मुद्रण झाले.

या संहितेची चिकित्सा करताना चार दोष ठळकपणे जाणवतात.

पहिला दोष निवेदकाचा. वृत्तपत्रातील बातमी वाचताना वाचक तिच्या तटस्थतेवर विश्वास ठेवतो. उद्योगाने स्वतःच्या नावाने बोलण्याऐवजी तो उसना आवाज वापरला. उत्तर देणाऱ्याने आपले तोंड झाकले की उत्तरातील खरा भागही संशयास्पद ठरतो.

दुसरा दोष तर्काचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ‘बीटीमुळे आत्महत्या होतात’ या आरोपाला योग्य उत्तर कार्यकारणाच्या पातळीवरचे असावयास हवे होते. ‘येथे आत्महत्या नाहीत’ असे म्हणून संहितेने विरोधकांचेच समीकरण स्वीकारले. आत्महत्या न होण्याचे श्रेय बियाण्याला दिले, की होण्याचा दोषही त्याच्याकडेच जातो. शिवाय अशा सर्वव्यापी नकाराला खोटे ठरविण्यास एकच घटना पुरेशी असते. योगायोग असा की, त्याच ऑक्टोबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेचा या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बीटी कापूस हे आत्महत्यांचे आवश्यक वा पुरेसे कारण नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र काही भागांत, काही वर्षी, त्याने कर्जबाजारीपणाला अप्रत्यक्ष हातभार लावलेला असू शकतो, हेही त्यात नोंदविलेले होते. अशी संयत आणि अर्धी कबुली देणारी मांडणी उपलब्ध असताना उद्योगाच्या बाजूने क्रांतीची भाषा वापरली गेली.

तिसरा दोष वाचकाचा. ज्या शेतकऱ्यांविषयी हा मजकूर होता, त्यांची भाषा मराठी. मजकूर मात्र इंग्रजीत होता. तो भांबराजासाठी लिहिलेलाच नव्हता. तो महानगरातील वाचकासाठी आणि धोरण ठरविणाऱ्यांसाठी होता. शेतकरी या संहितेत साक्षीदार म्हणून आहे. पण ती वाचून ‘हे खरे नाही’ म्हणण्याची संधी त्याला दिलेली नाही. ती संधी त्याला संसदीय समिती गावात आली तेव्हा मिळाली.

चौथा दोष काळाचा. शेती दर हंगामात बदलते. २००८ चे चित्र २०११ मध्ये न तपासता छापणे म्हणजे तीन हंगामांचा पाऊस, भाव आणि मृत्यू यांना अस्तित्वच नाही असे मानणे होय.

२०११ च्याच मोहिमेतील आणखी एका जाहिरातीत, बीटीमुळे शेतकऱ्यांच्या उत्पन्नात ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक भर पडल्याचा दावा होता. तक्रारीनंतर भारतीय जाहिरात मानक परिषदेने दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा निर्णय दिला आणि जाहिरातीत बदल करण्यात आला.

दोन तौलनिक उदाहरणे

याच उद्योगाने वेगळ्या पद्धतीनेही उत्तर दिलेले आहे. गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या पिढीच्या बीटी कापसाला प्रतिकारक्षमता मिळविल्याचे मोन्सॅन्टोने मार्च २०१० मध्ये स्वतः जाहीर केले. पाकिटासोबत दिलेल्या बिगर-बीटी बियाण्याच्या आश्रय-ओळी शेतकरी लावत नाहीत, असा त्यात दोषारोपही होता. तरीही ठिकाण, कीड आणि मर्यादा यांची नावे घेणारे ते निवेदन तपासता येण्याजोगे होते. इशारा म्हणून त्याचे मोल पुढे सिद्ध झाले. २०१७ मध्ये विदर्भात दुसऱ्या पिढीच्या बीटी वाणांवरही गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी कीटकनाशक उद्योगाचा सूर मुख्यतः असा होता की, सूचना पाळल्या गेल्या नाहीत आणि संरक्षक साधने वापरली गेली नाहीत. हे अंशतः खरे असेलही. परंतु छातीएवढ्या पऱ्हाटीत, दमट उन्हात, पाठीवर पंप घेतलेला मजूर अंगभर संरक्षक पोशाख घालू शकतो का, हा प्रश्न उत्पादकाने माल विकण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचा असतो.

दुसरे उदाहरण ऑक्टोबर २००३ मधील. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. कंपनीचा पहिला प्रतिसाद विक्रेत्यांच्या साठवणुकीकडे बोट दाखविण्याचा होता. विश्वास परतू लागला तो वेष्टन बदलल्यावर आणि विक्रेत्यांसाठी साठवणुकीचा कार्यक्रम राबविल्यावर. अमिताभ बच्चन यांची जाहिरात २०२४ च्या नव्हे, तर जानेवारी २००४ च्या सुमारास, म्हणजे त्या बदलांच्या सोबतीने आली. वस्तूत बदल झाला होता, म्हणून शब्दांना वजन होते. बियाण्याची चूक मात्र वेष्टन बदलून सुधारता येत नाही. तिच्यात शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम जातो. म्हणून बियाणे उद्योगाच्या शब्दाची जबाबदारी अधिक आहे.

निष्कर्ष

१. प्रतिकूल चित्रणाला उत्तर देण्याचा उद्योगाला पूर्ण अधिकार आहे. मात्र ते त्याने स्वतःच्या नावाने द्यावे. जाहिरातीने बातमीचे रूप घेऊ नये.

२. आरोपातील खरा अंश आधी मान्य करावा आणि नंतर अतिशयोक्ती खोडावी. क्रम उलटला की दोन्ही गोष्टी अविश्वसनीय ठरतात.

३. ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्यासमोर बोलावे. गावाचे नाव वापरावयाचे असेल तर मजकूर प्रथम त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.

४. दावा कालबद्ध आणि तपासता येण्याजोगा असावा. परिस्थिती बदलल्यास तो तितक्याच ठळकपणे दुरुस्त करावा.

भांबराजाच्या प्रकरणात बियाणे उद्योगाची हानी टीकाकारांनी केली त्याहून अधिक त्याच्या उत्तराने केली. कपाशीच्या प्रश्नावर अर्धसत्ये दोन्ही बाजूंनी बोलली गेली आहेत. त्या दोन्हींची किंमत मोजणारा शेतकरी मात्र एकच आहे. त्याला ‘क्रांती’ वा ‘बळी’ या दोन शब्दांत न बसविता, त्याच्या सात-बाऱ्यासह, कर्जासह आणि हंगामासह पाहणारी भाषा जेव्हा उद्योग बोलू लागेल, तेव्हाच त्या उत्तरावर कपाशीच्या या मुलखात विश्वास ठेवला जाईल.