माउलींनी निवडलेली जागा

ध्यान करायचे तर मोकळ्या हवेत, झाडाझुडपांत करावे, मन लवकर निवते, असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. ते खोटे नाही. पण वाचकहो, विषय निघालाच आहे तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा आणि आसनाची जागा सांगणाऱ्या ओव्या सावकाश वाचा. पारायणात आपण त्या भराभर मागे टाकतो. पुढे कुंडलिनीचे वर्णन खुणावत असते ना!

गीतेने तिथे एवढेच म्हटले आहे की, शुद्ध जागी आपले आसन स्थिर करावे. त्या एका विशेषणावर माउलींनी अख्खे रान उभे केले. मुळापासून गोड आणि सदा फळणारी दाट झाडे, पावलोपावली पाणी आणि तेही पावसाळ्यात न गढुळणारे, ऊन असून गारवा, वारा असून नसल्यासारखा. कुणी म्हणेल, हे नेहमीचे काव्य झाले. तर जरा पुढे वाचा. तिथे श्वापदांची दाटी नको, पोपट नको आणि भुंगाही नको! ज्या काव्यपरंपरेत भुंग्यावाचून उपवन पुरे होत नाही, तिच्यात मुरलेला कवी भुंगा वगळतो, ही साधी गोष्ट नव्हे. पाण्यालगत हंस चालतील, सारस दोन-चार, कोकिळ कधीमधी. आणि मोर? कायमचे नकोत, येऊन-जाऊन असले तर आम्ही हरकत घेत नाही, अशा अर्थाचे माउली म्हणतात. इथे मला दर वेळी हसू येते. इतक्या गंभीर प्रकरणात मोरासाठी दार किलकिले ठेवणारी ही माउलीच.

पण ही निवड लहरीची नाही. पोपटाची बडबड आणि भुंग्याची गुणगुण सतत चालते. मन तिच्या मागे मागे जाते. कोकिळ बोलतो आणि थांबतो. तो थांबला की मगच रान किती शांत आहे ते कळते. माझ्या समजुतीप्रमाणे माउलींनी इथे पाखरे मोजलेली नाहीत, शांतता मोजली आहे.

आता या जागेचा गुण पाहा. वाटेने जाणाऱ्या पाखंड्यालाही तिथे तपाची इच्छा व्हावी, विलासी माणसाला राज्य सोडून तिथेच राहावेसे वाटावे, सहज टेकलेल्याला उठायचे भान राहू नये. यांतला एकही जण ध्यानाला आलेला नाही! निसर्गाचा उपकार याहून मोठ्या शब्दांत कुणी सांगितला असेल, असे मला वाटत नाही. तरीही एवढे सांगून झाल्यावर माउली निर्णय जागेवर सोपवत नाहीत. मन तिथे राहते का ते पाहावे आणि राहील तिथे आसन मांडावे, असे त्यांचे सांगणे आहे. जागा कितीही रम्य असो, शेवटची परीक्षा मनाची.

ही कसोटी आपल्याला जड जाते. एकांतासाठी डोंगर चढतो आणि खिशातला मोबाईल भजने वाजवत असतो. भजन चांगलेच, पण मग पोपट काय वाईट होता? दुसरीकडे, दिवसभर उघड्या आभाळाखाली कांद्याची खुरपणी करणाऱ्या बाईला ‘निसर्गात जाऊन बसा’ हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? ती निसर्गातच आहे, फक्त तिला बसायला मिळत नाही. सहाव्या अध्यायातले रान तिच्या वाट्याचे नाही, म्हणून साधनाही नाही, असे वारकऱ्याला म्हणता येणार नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. त्याच काळात अरणला सावता महाराज मळा राखीत होते. त्यांच्या अभंगात मोट आहे, विहीर आहे, दोरी आहे. मोट म्हणजे चाकाची कुरकुर, बैलांना घातलेल्या हाका, थारोळ्यात आदळणारे पाणी. निःशब्दपणाची अट त्या मळ्यात दिवसभरात एकदाही पुरी झाली नसेल. मन मात्र तिथे राहिले. पंढरीची वाट त्यांनी धरली नाही, असे परंपरा सांगते. आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते.