सहा दंड आणि एक ल

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झालं. आज बाजारात मिळणाऱ्या त्याच्या कितीतरी आवृत्त्यांवर पागोट्यातले जोतीराव असतात आणि पुस्तकाचं नाव उरलेल्या जागेत बसवलेलं असतं. भडगावात बसून पुस्तक मागवणाऱ्याला मुखपृष्ठ पहिल्यांदा दिसतं ते फोनवर, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यात नाव वाचता येत नाही, चेहरा मात्र ओळखू येतो. आणि चेहरा दिसला की आपल्याकडे पुढचं सगळं आपोआप ठरतं: हे ‘आपलं’ पुस्तक की ‘त्यांचं’.

त्या चेहऱ्याचा मान मला कळतो. तो घराच्या भिंतीवर लागावा यासाठी माणसांना झगडावं लागलं आहे. पण फोटोचं काम वेगळं आणि या पुस्तकाचं काम वेगळं. ‘गुलामगिरी’ म्हणजे सोळा भागांचा संवाद. धोंडिबा विचारतो, शंका काढतो. जोतीराव उत्तरं देतात. मुखपृष्ठावर धोंडिबा कुठेच नाही. म्हणजे प्रश्न विचारणारा गेला आणि हार घालायला एक प्रतिमा उरली.

नावाकडेही बघा. ‘गिरी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय. तो लागला की शब्द धंद्याबद्दल, चालीबद्दल बोलू लागतो, ‘दादागिरी’सारखा. जोतीरावांनी पुस्तकाला ‘गुलाम’ असं नाव दिलं नाही. त्यांना एका माणसाची दैना दाखवायची नव्हती, व्यवस्था उघडी पाडायची होती. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी पुस्तक अर्पण केलं, सोबत इंग्रजी प्रस्तावना जोडली. व्यवस्थेचा फोटो काढता येत नाही. म्हणून या मुखपृष्ठावर अक्षरंच हवीत.

अक्षरं म्हटल्यावर पहिला मोह साखळीचा: ‘म’ला कडी अडकवायची, ‘ग’ तुटका दाखवायचा. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी काढली की अक्षर पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा. पण त्या परंपरेची स्वस्त नक्कल केली की अक्षर अभिनय करू लागतं आणि अर्थ बाजूला राहतो. दुसरा मोह इंग्रजी पुस्तकांचा: एकच शब्द, अक्षरांत ऐसपैस अंतर. देवनागरीत ते अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

त्यापेक्षा हा शब्द जाड, साध्या टाइपात नुसता लिहून बघा. वर एकच आडवी शिरोरेषा. तिच्याखाली उभे दंड मोजा: ‘गु’चा एक, ‘ला’च्या कान्याचा एक, ‘म’चा एक, ‘गि’चे दोन, ‘री’च्या वेलांटीचा एक. सहा दंड. खिडकीचे गज वेगळे काढायची गरजच नाही, ते शब्दातच आहेत.

आता ‘ल’. हिंदी वळणाचा ‘ल’ घेतला तर सातवा दंड येतो आणि रांग अखंड होते. मराठी ‘ल’ पाकळ्यांचा, रेषेला मधोमध लटकलेला. त्याला पूर्ण दंड नाही. तो आला की गजांच्या रांगेत एक जागा मोकळी राहते. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हाच ‘ल’ प्रमाण मानला. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नाही तर हिंदी रूपच समोर येतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हे माहीत आहे: जे आपण निवडत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं असतं.

मला हवं असलेलं मुखपृष्ठ एवढंच आहे: कोरा कागद, काळी शाई, रुंदीभर ‘गुलामगिरी’, मराठी ‘ल’सह. खाली लहान टाइपात दोन नावं, धोंडिबा आणि जोतीराव. फोनवर तिकिटाएवढं झालं तरी ते वाचता येईल. आणि ज्याला तो चेहरा पाहून बोट पुढे सरकवायची सवय आहे, त्यालाही आधी शब्द वाचावा लागेल. वाचल्यावर तो चिडेल, थांबेल किंवा धोंडिबासारखा काही विचारेल. काहीही केलं तरी सुरुवात वाचण्यापासून झालेली असेल.